त्रेसष्टचा आकडा आणि महिपती बेलिफ

महिपतीला माणसं तोंडावरून कमी आणि दारावरून जास्त ओळखू यायची. बावीस वर्षं तो सोलापूरच्या दिवाणी कोर्टात बेलिफ होता. कोर्टाचं समन्स निघालं की ते ज्याच्या त्याच्या हातात नेऊन द्यायचं, पाठीवर सही घ्यायची आणि परत आणून नाझराच्या टेबलावर ठेवायचं, हे त्याचं काम. बेलिफ गल्लीत शिरलेला दिसला की माणूस घरात दडी मारतो आणि बायकोला पुढं करून ‘गावाला गेल्यात’ म्हणून सांगायला लावतो. मग महिपती पिशवीतनं खळीचा डबा काढायचा, आजूबाजूचे दोन पंच उभे करायचा, कागद दाराला चिकटवायचा आणि खाली लिहायचा, ‘प्रतिवादी घरी मिळून आला नाही, सबब पंचांसमक्ष दर्शनी दारास चिकटवून बजावणी केली.’ एवढं झालं की त्या माणसाला समन्स पोचलं असं कायदा धरून चालतो. मग तो काशीला गेलेला असो नाहीतर आत कणगीमागं बसून ऐकत असो.

कागद चिकटवू नये म्हणून लोक काय काय पुढं करायचे. कुणी पाचाची नोट, कुणी कोंबडी, एकानं तर जुनी सायकल. महिपतीनं बावीस वर्षांत खोटा अहवाल लिहिला नव्हता. मूळ गाव करकंब, शिक्षण फायनलपर्यंत, आणि शाईनं लिहिलेलं देवाच्या बापालाही पुसता येत नाही ही त्याची पक्की समजूत. घरी दुधाचं मापसुद्धा तो तारीख घालून लिहायचा.

त्याची बायको मथुराबाई एका चटणीवाल्याच्या घरी शेंगाची चटणी कुटायला जायची. सकाळी सातला उखळाशी उभी राहिली की उन्हं डोक्यावर येईपर्यंत मुसळ खाली ठेवायची नाही. तिच्या हातची चटणी तेल सोडायची, पुण्याचे लोक पुडकी बांधून न्यायचे, पण पुडक्यावर नाव मालकाचं. ती म्हणायची, “दुसऱ्याच्या उखळात घाव घालून माझं खांदं गेलं. एक उखळ माझं पायजे, दारात, माझ्या नावाचं.” पाथरवटानं उखळ, दोन मुसळं आणि वर शेंगांची दोन पोती असा अंदाज सांगितला तो चारशेच्या पुढं गेला. महिपतीचा दोन महिन्यांचा पगार. तेव्हापासून ती गप्प होती, पण उखळ काही तिच्या डोक्यातनं गेलं नव्हतं.

चौऱ्याहत्तर सालच्या उन्हाळ्यात एका दुपारी ती कामावरनं आली आणि पदराच्या गाठीतनं पाच रुपये काढून महिपतीपुढं ठेवले.

“रोज उखळातल्या एका घाणीला साठ घाव बसत्यात. मी मोजती. आज त्रेसष्ट बसलं.”

“शेंगा वल्ल्या असतील.”

“शेंगा वाळल्याल्या हुत्या. त्रेसष्ट लावा.”

“कुटं लावू?”

“सारी पेठ कुटं लावती?”

सारी पेठ चन्नवीरच्या पानपट्टीवर लावायची. त्या दिवसांत मुंबईत रोज रात्री मटक्याचे दोन आकडे निघायचे. दोन्ही मिळून जोडी. ती बरोबर सांगितली तर रुपयाला नव्वद. गावोगावच्या पानपट्ट्यांवर आकडे लिहून घेणारे बसलेले असायचे, आणि सगळ्यांना ठाऊक असूनही कुणालाच काही ठाऊक नसायचं. महिपती त्या वाटेनं रोज जायचा, पण जन्मात त्यानं आकडा लावला नव्हता.

“सरकारी माणूस हाय मी,” तो म्हणाला.

“पैसं सरकारचं न्हाईत, माझं हाईत. तुमी निस्तं पोचवायचं. रोज दुसऱ्याचं कागद पोचवता की.”

हे म्हणणं त्याला पटलं. पोचवणं म्हणजे त्याचंच काम.

चन्नवीर अक्कलकोटकडचा. घरी कानडी, दुकानात मराठी, तीही आपल्या चालीची. त्यानं पाच रुपये घेतले आणि सिगारेटच्या पाकिटाच्या चिठोऱ्यावर ६३ लिहून दिलं.

महिपतीनं चिठोरं उलटंपालटं केलं. “नाव कुटं हाय?”

“कुणाचं नाव ओ?”

“लावणाऱ्याचं. तारीख न्हाय. येळ न्हाय. तुझी सई न्हाय. ह्याला काय कागद म्हनायचं?”

“बेलिफ, मटक्याला नाव घालत न्हाईत ओ. बिननावाचा धंदा हाय ह्यो.”

“मंग पैसं परत दे.”

मागं गिऱ्हाईक खोळंबलेलं. चन्नवीर हसला आणि वहीचं पान फाडून महिपती सांगेल तसं लिहीत गेला. श्रीमती मथुराबाई महिपती यांजकडून रुपये पाच, आकडा त्रेसष्ट, लागल्यास रुपये चारशे पन्नास देणेचे. तारीख, वेळ, आणि खाली कानडीत सही. साऱ्या सोलापुरात मटक्याची अशी पावती कुणी घेतली नसेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी महिपती तोंड धुवत होता, तेवढ्यात समोर राहणाऱ्या आप्पा सायकलवाल्यानं रोजच्यासारखा रात्रीचा आकडा खडूनं भिंतीवर लिहिला. त्रेसष्ट. महिपतीनं चूळ भरली, पुन्हा वाचलं. मथुराबाई दारात येऊन उभी राहिली. ती एवढंच म्हणाली, “जावा.”

पावती बघून चन्नवीरनं पानाला चुना लावायचं थांबवलं नाही.

“आकडा वर गेलाच न्हाई की ओ, बेलिफ.”

“वर म्हंजे?”

“आमी काय पैसे घरात ठेवतो का? लिहून घ्यायचं, संध्याकाळी फोनवर वरच्या माणसाला सांगायचं. काल फोन लागला न्हाई. आकडा हितंच ऱ्हायला. वरचा माणूस देत न्हाई, मी कुठनं देऊ? हे घ्या तुमचे पाच.”

आणि महिपतीनं ते पाच रुपये घेतले. देणाऱ्यानं परत केलं तर घ्यावं, एवढंच त्याला सुचलं. चौकात आल्यावर त्याला वाटलं, घ्यायला नको होते. पुढच्या वळणावर वाटलं, आपले होते, घेतले. घरी पोचेपर्यंत दोन्ही बरोबर वाटायला लागलं.

मथुराबाईनं पाच रुपये बघितले. “ह्ये कशाचं?”

“फोन लागला न्हाय म्हनं.”

“आकडा न लागता तर फोन लागला असता का?”

 तिनं ते पाच रुपये गाठीला मारले आणि कामावर गेली. त्या रात्री ताटात भाकरी होती, वरण होतं, चटणी नव्हती.

कोर्टात यज्ञेश्वर वकील म्हणून एक होते. वय झालेलं, कोट विटलेला, पण दिवाणी कायदा तोंडपाठ. मधल्या सुट्टीत महिपती त्यांच्यापुढं जाऊन उभा राहिला.

“सायेब, आमच्या गावाकडचा एक मानूस हाय. त्याला मटका लागलाय आन घेणारा देत न्हाय. दावा लावता येतो का?”

वकिलांनी चष्म्यावरून बघितलं. “तुझ्या गावाकडच्या माणसाला सांग, पैजेचा करार रद्दबातल. कराराचा कायदा, कलम तीस. कोर्ट दारात उभं करणार नाही.”

“पावती हाय. तारीख, येळ, सई, समदं हाय.”

“तांब्याच्या पत्र्यावर कोरून आणली तरी तेच. जे येणंच नाही त्याची पावती काय कामाची?”

“त्येच्याकडनं आता नवी चिठ्ठी लिवून घेतली तर? इतकं देणं लागतो म्हनून?”

“आपल्या मुंबई इलाख्यात पैजेच्या पोटातनं निघालेला कागदही रद्द. इंग्रजानंच करून ठेवलंय. आजा रद्द तर नातूही रद्द.”

“मंग पोलिसात? फसवणूक केली की त्यानं.”

“जाऊ दे की. फौजदार पहिल्यांदा विचारील, मटका कुणी लावला? जुगाराच्या कायद्यात घेणारा आरोपी तसा लावणाराही आरोपी. त्यात तुझा तो गावाकडचा माणूस सरकारी नोकर असला तर नोकरीवरनंही जाईल.” वकिलांनी पुन्हा चष्म्यावरून बघितलं. “नाहीये ना सरकारी नोकर?”

“न्हाय,” महिपती म्हणाला आणि खाकी सदऱ्याची कॉलर उगीच नीट केली. “पर सायेब, सरकार सोताच लाटरी काढतंय की.”

“ती चालते.”

“घोड्यावर लावत्यात मोठी मान्सं.”

“तेही चालतं. शर्यतीत पाचशेच्या वरचं बक्षीस असलं तर त्याची वर्गणी कायद्याला मान्य आहे.”

“म्हंजे घोडा असता तर चाललं असतं.”

“घोडा असता तर थोडंसं चाललं असतं.”

महिपतीच्या डोक्यात घोडा, लॉटरी आणि त्रेसष्टचा आकडा एकात एक गुंतले. गठ्ठ्यातले कागद नेहमी तारखेवारी लावणारा माणूस, पण हे कशाच्या खाली लावावं ते कळेना. त्यानं शेवटचं विचारलं, “म्हंजे त्या मान्सानं काय करायचं?”

“काही नाही. अरे, हा धंदा कायद्यावर चालत नाही, विश्वासावर चालतो. ह्यानं आकडा बुडवला एवढं चारचौघांत जाहीर झालं तर दुसऱ्या दिवशी त्याच्याकडं कोण जाईल? त्याला भीती असली तर तेवढीच.”

वकील चहाला गेले. महिपतीच्या डोक्यात एकच शब्द राहिला, जाहीर. आणि गोष्ट जाहीर करायची एकच रीत त्याला बावीस वर्षांत ठाऊक होती.

त्यानं कोर्टाचा कागद वापरला नाही. घरचा फुलस्केप घेतला, चांगली शाई घेतली आणि हात बसला होता त्याच भाषेत लिहिलं. वादी मथुराबाई, प्रतिवादी चन्नवीर, रक्कम रुपये चारशे पन्नास, आकडा त्रेसष्ट, तरी सात दिवसांत देणे, न दिल्यास पुढील तजवीज करणेत येईल. पुढली तजवीज काय ते त्याला ठाऊक नव्हतं, पण तो शब्द लिहिल्याशिवाय नोटीस पुरी होत नाही. रविवारी सकाळी तो पानपट्टीवर गेला.

“चन्नवीर, ह्ये घे आन सई कर.”

चन्नवीरनं खाकी सदरा बघितला, कागद बघितला. मराठी अक्षर त्याला अडखळतच वाचता यायचं. “मी न्हाई घेत ओ.”

“घेत न्हाईस? बरं.”

महिपतीनं खळीचा डबा काढला. शेजारी भाजी विकणारी फुलाबाई आणि पलीकडंच दुकान असलेला आप्पा सायकलवाला, दोघांना पंच केलं. पानपट्टीच्या फळीवर, दर्शनी बाजूला, कागद चिकटवला. चारी कोपऱ्यांवरून तळहात फिरवला, खाली आप्पाची सही घेतली, फुलाबाईचा अंगठा घेतला आणि हात पुसत घरी आला. आठ दिवसांत पहिल्यांदा त्याला जेवण गोड लागलं.

चन्नवीरनं तो कागद फाडला असता तर गोष्ट तिथंच संपली असती. पण बेलिफानं चिकटवलेला कागद फाडला की आत जावं लागतं, हे पेठेत पोराटोरांनाही ठाऊक. हा कागद कोर्टाचा आहे का बेलिफाच्या घरचा, हे कुणी कुणाला विचारलं नाही. चन्नवीरनं त्यावर एक पोतं टांगलं. मग तर लोक पोतं उचलूउचलून वाचायला लागले. आप्पाच्या दुकानात पंक्चर काढायला आलेला माणूसही आधी जाऊन पोतं उचलून यायचा. फुलाबाई म्हणायची, “वाचा, वाचा, आन जाताना मेथी न्या.” तिसऱ्या दिवशी चन्नवीरकडं पान खाणारे होते, आकडा लावणारं कुणी नव्हतं.

चौथ्या दिवशी रामहरी नाझरांनी महिपतीला टेबलाशी बोलावलं. नाझर म्हणजे साऱ्या बेलिफांचा वरिष्ठ, मितभाषी माणूस.

“भाजी मंडईच्या कोपऱ्याला कसली बजावणी केलीस? माझ्या रजिस्टरला नाही.”

महिपतीनं खाली मान घालून सगळं सांगितलं. गावाकडचा माणूस मध्ये आणला नाही. नाझरांनी टाक ठेवला.

“महिपती, दुसऱ्याला अडकवायचा झाला असता तर एवढा पक्का पुरावा तुला जमला नसता. बायकोचं नाव, आकडा, रक्कम, दोन पंच, आणि अक्षर तुझं. कुणी वर अर्ज केला तर मी काय करू? संध्याकाळच्या आत तो कागद तिथनं निघाला पाहिजे.”

“चिकटिवल्याला कागद बेलिफाला फाडता येत न्हाय, सायेब.”

“मग काय करायचं ते तू बघ.”

महिपती बाहेर लिंबाच्या पारावर येऊन बसला. कागद काढला तर मथुराबाईचे पैसे बुडाले. ठेवला तर नोकरी बुडाली, आणि उखळ घ्यायचं म्हटलं तरी नोकरीच लागणार. तो असा बसला असताना चन्नवीरच येऊन शेजारी टेकला. चार दिवसांत त्याचा आवाज उतरला होता.

“बेलिफ, देतो मी. पुरे चारशे पन्नास. वरचा माणूस म्हणतो, ह्या कोपऱ्यावरनं आकडे का येत न्हाईत? पण माझी एक आट हाय.”

“काय?”

“तुमी त्याच फळीवर दुसरा कागद लावायचा. चन्नवीर काही देणं लागत न्हाई म्हणून. तुमच्या सहीचा. मग लोक परत येतात बघा.”

“देणं लागत न्हाईस तर पैसं का देतूस?”

“कागद लावता म्हणून.”

“आन पैसं दिल्यावर देणं लागत न्हाईसच की.”

“तसं न्हाई ओ. आधीपास्नं लागत न्हाई, असं लिवायचं.”

 आधीपासून लागत नाही, हे खोटं. पावती खिशात होती. पण यज्ञेश्वर वकिलांनी तेच तर सांगितलं होतं, जे येणंच नाही त्याची पावती कशी. म्हणजे कायद्यानं हेच खरं, आणि रविवारी आपण चिकटवलं ते खोटं. मग बावीस वर्षांतला पहिला खोटा अहवाल रविवारीच लिहून झाला का आज लिहायचा आहे? त्यानं बोटं मोजून बघितली. बोटांवरही बसेना.

साडेपाचला कोर्ट सुटल्यावर तो घरी जाऊन मथुराबाईला घेऊन आला. वाटेत त्यानं तिला सगळं सांगितलं, कलम तीससकट. ती भराभरा चालत होती.

“मला एवढं सांगा, पैसं आज देनार का?”

“देनार म्हनतोय.”

“मंग चला.”

पानपट्टीशी आप्पा आणि फुलाबाई आधीच येऊन थांबले होते. महिपतीनं फळीवर कागद ठेवला आणि लिहायला लागला. ‘प्रतिवादी चन्नवीर यांजकडून वादी हिचे कायदेशीर काहीएक येणे नव्हते व नाही.’ ‘कायदेशीर’ हा शब्द त्यानं आपल्या मनासाठी घातला. सहीपाशी हात थांबला.

“लिवा की,” मथुराबाई म्हणाली.

“थांब जरा. ह्ये खरं हाय का ते बघतोय.”

“खरं आसंल तर सई करा. खोटं आसंल तर पैसं घेऊन सई करा.” ती चन्नवीरकडं वळली. “काढ रं बाबा.”

चन्नवीरनं गल्ल्यातनं नोटा काढून मोजल्या. “चारशे पंचेचाळीस, मावशी. पाच मी आधीच दिलेत.”

“ती पाच माजी मला परत दिलीस. म्हंजे मी आकडा लावलाच न्हाय. मंग ह्ये चारशे पंचेचाळीस कशाचं देतूस?”

चन्नवीरनं महिपतीकडं बघितलं. महिपतीनं चन्नवीरकडं बघितलं.  मथुराबाईनं गाठ सोडली, पाच रुपये काढून फळीवर ठेवले. “आता मी आकडा लावला. दे चारशे पन्नास.”

त्यानं दिले. तिनं नोट न् नोट उजेडाकडं धरून बघितली, पदरात बांधल्या, आणि मग महिपतीनं सही केली. पावती त्यानं चन्नवीरच्या हातात दिली, चन्नवीरनं ती तिथंच उदबत्तीला लावून जाळली. पोतं काढलं. रविवारच्या कागदावर नवा कागद बसवला, जुन्याचं एक अक्षर दिसणार नाही असा. आप्पानं सही केली. फुलाबाई मात्र अंगठा पुढं करायला तयार होईना.

“परवा येनं हाय म्हनून अंगठा घेतलासा. आज न्हाय म्हनून मागताय. माजा अंगठा एकच हाय बाबा.”

“दोन्ही बरोबर हाय, फुलाबाई,” महिपती म्हणाला. आपण हे कुठनं काढलं ते त्याचं त्यालाच कळलं नाही.

“आसंल. कोर्टाचं मला काय कळतंय,” म्हणून तिनं अंगठा टेकवला आणि तो मेथीच्या जुडीला पुसला.

मथुराबाई घराकडं वळलीच नाही, सरळ पाथरवटाच्या वाटेला लागली. महिपती तिच्या मागं चार पावलं.

“अगं, मी खोटं लिवलं का?”

“वकील काय म्हनला?”

“येनं न्हाय म्हनला.”

“मंग खरं लिवलं.”

“पर त्यानं दिलं की.”

“मंग बरं लिवलं. उरक लवकर म्हनावं पायाला, त्यो दुकान बंद करंल.”

पाथरवटाच्या अंगणात सात-आठ उखळं ओळीनं पडली होती. ती प्रत्येकात हात घालून तळ चाचपत राहिली. महिपती कडेला धोंड्यावर बसला होता. पाथरवटानं त्यालाही विचारलं, कसं वाटतंय हे, आणि तो म्हणाला, विचार करतोय.

दुसऱ्या दिवशी नाझरांनी विचारलं, “निघाला का कागद?”

“निगाला न्हाय, सायेब. झाकला. त्याच्यावर दुसरा लावला.”

“दुसऱ्यात काय आहे?”

“काय येनं न्हाय, आसं.”

“मग पहिला लावला कशाला?”

 नाझरांनी दिवसाच्या समन्सांचा गठ्ठा महिपतीकडं सरकवला. अकरा कागद होते, चार मोहोळ तालुक्यातले. त्यानं ते मोजले, तारखेवारी लावले, पिशवीत घातले आणि एसटी स्टँडच्या वाटेला लागला. घरात एव्हाना नव्या उखळात पहिली घाणी पडली असेल. साठ घावांत झाली का जास्त लागले, हे संध्याकाळी बायकोला विचारायचं नाही, एवढं मात्र त्यानं वाटेत पक्कं ठरवलं.